कागदातलं भोक आणि पन्नास मीटरवरचा ग्रुप

लोकांना सकाळी सकाळी गुलाबाची फुलं आणि सुविचार येतात, मला फाटक्या कागदांचे फोटो येतात. लेक मनू जिथे तिरंदाजीचा सराव करते त्या मैदानावरची पोरं पाठवतात, कधी त्यांचे आईवडील पाठवतात. कागदाच्या मधोमध बाणाने पाडलेलं एक भोक, भोकाला वर नाहीतर डावीकडे फाटलेली एक शेपूट, आणि खाली ठरलेला प्रश्न: "काका, रेस्ट किती हलवू?" रेस्ट म्हणजे धनुष्यावर बाण टेकतो तो आधार.

मी तिरंदाज नाही, हे आधीच सांगतो. वागळे इस्टेटमधल्या टूलरूममध्ये माझी उभी नोकरी झाली. डाय, जिग, फिक्स्चर, आणि डायल गेजकडे बघून बघून लागलेला चष्मा. मनूने कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, हातात घेतलं तेव्हा वाटणी आपोआप झाली. बाण मारायला शिकवायचं कोच सरांनी, धनुष्य सांभाळायचं मी. पुढे बाकीच्या पोरांची धनुष्यंही माझ्यासमोर यायला लागली. रविवारी ठाण्याहून वाशीची लोकल पकडायची, ऐरोली ओलांडायची, मैदानावर पोहोचायचं, आणि पोरगी सराव करते तोवर शेडच्या सावलीत बसून कुणाची तरी केबल, म्हणजे चाकांना बांधलेली दोरी, तपासायची. चहा मात्र ज्याची केबल त्याच्या बापाकडून.

"किती हलवू" याचं माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही. काही हलवू नकोस. अजून पाच-सहा बाण मार आणि सगळे कागद पाठव. एका भोकावरून मी टूलरूममध्ये मशीनचं सेटिंग कधी बदललं नाही, मग इथे का बदलू?

मुळात हे ट्यूनिंग, म्हणजे धनुष्याची जुळवाजुळव, करायचं कशासाठी, तिथेच बऱ्याच जणांचा घोळ असतो. कंपाउंडची मैदानी स्पर्धा ५० मीटरवर होते. टार्गेटचा कागद ८० सेंटिमीटरचा आणि त्यातलं दहाचं वर्तुळ ८ सेंटिमीटर व्यासाचं. म्हणजे मध्यापासून ४ सेंटिमीटरवर दहाची कड आली. ५० मीटरला ४ सेंटिमीटर म्हणजे दर मीटरला ०.८ मिलिमीटर. मनूचा बाण साधारण ६६ सेंटिमीटरचा आहे. त्याची दिशा बदलायला टोक शेपटीच्या मानाने अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं की बाण मध्य सोडून थेट दहाच्या कडेला. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात १५ बाणांत १५० गुण केले आणि एका गुणाने सुवर्ण जिंकलं. त्याच स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या १७ व्या वर्षी जगज्जेती झाली. टीव्हीवर ते सोपं दिसतं. हा अर्धा मिलिमीटर डोक्यात ठेवून ते सामने पुन्हा बघा.

आता यातली गंमत अशी, की हा अर्धा मिलिमीटर दर वेळी एकाच बाजूला, तेवढाच चुकत असेल तर काहीही बिघडत नाही. साइट, म्हणजे नेम धरायची खूण, तेवढी सरकवली की बाण पुन्हा मधोमध. त्रास होतो तो कधी इकडे, कधी तिकडे जाणाऱ्या चुकीचा. माणसाचा हात दर वेळी सारखा पडत नाही, पडणारही नाही. मग धनुष्य असं लावायचं की हात थोडा वाकडा पडला तरी बाण फार लांब जाऊ नये. माझ्या लेखी ट्यूनिंगचं काम एवढंच आहे. कागदातलं सुंदर गोल भोक हा त्या कामातला एक टप्पा आहे, आणि पोरं तिथेच मुक्काम ठोकतात.

कंपाउंड हे तसं नवंच यंत्र. अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन नावाच्या गृहस्थाने साध्या धनुष्याची टोकं कापून तिथे चाकं बसवली, १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये त्याला ते मिळालं. करवत घेऊन बसलेला हा माणूस मला फार जवळचा वाटतो. चाकाचा आस मध्यावर नसतो, त्यामुळे ओढताना आधी जड लागतं आणि शेवटी एकदम हलकं होतं. मनूचं धनुष्य ५० पाउंडांचं आहे, पण पूर्ण ओढून नेम धरते तेव्हा तिच्या हातात १० ते १२ पाउंडच राहतात. आंतरराष्ट्रीय नियमात कमाल मर्यादा ६० पाउंडांची आहे. हौसेखातर पाउंडेज वाढवणाऱ्या बापांनी हा आकडा लक्षात ठेवावा, आणि लेकीचा खांदाही.

माझ्याकडे धनुष्य आलं की पहिलं काम मोजमाप. एका ॲक्सलपासून, म्हणजे चाकाच्या आसापासून, दुसऱ्या ॲक्सलपर्यंतचं अंतर, ब्रेस हाइट म्हणजे ग्रिपच्या खोलगट भागापासून स्ट्रिंगपर्यंतचं अंतर, दोन्ही लिंबांचे, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजांचे, बोल्ट पूर्ण आवळल्यापासून किती फेरे सैल आहेत, ड्रॉ लेंथ म्हणजे स्ट्रिंग किती मागे ओढली जाते ते, आणि पीपची, म्हणजे स्ट्रिंगमधल्या नेम धरायच्या छिद्राची, उंची. सगळं वहीत. मग कंपनीच्या कागदावरच्या आकड्यांशी ताडून बघायचं. सूतभर फरक निघाला तर रेस्टला हात लावण्यात अर्थच नाही, आधी स्ट्रिंग आणि केबलचा पीळ बघायचा. पीळ दिला की दोरी आखूड होते, काढला की लांब. दोन्ही लिंब बोल्ट सारखेच फिरलेले हवेत, आणि कंपनीने दिलेल्या कमाल फेऱ्यांच्या पलीकडे कधीही सैल करायचे नाहीत. नाहीतर लिंब सुटून तोंडावर येईल. पीळ द्यायचा तर बो प्रेस, म्हणजे धनुष्य दाबून दोरी सैल करणारं यंत्र, लागते. गुडघ्यात धरून, मित्राला धनुष्य ओढायला लावून केबल काढणारे व्हिडिओ असतात. ते बघायचे आणि विसरायचे.

त्यानंतर कॅमचं, म्हणजे टोकांच्या त्या चाकांचं, टायमिंग. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि पोरांना इथेच सगळ्यात जास्त कंटाळा येतो. धनुष्य पूर्ण ओढल्यावर वरचा आणि खालचा कॅम एकाच क्षणी आपल्या स्टॉपला टेकला पाहिजे. जुवाला दोन बैल जोडले आणि एक पाऊलभर पुढे चालला तर गाडी जशी वाकडी जाते, तसं इथे होतं. एक कॅम आधी थांबतो, दुसरा फिरतच राहतो, आणि स्ट्रिंग सरळ पुढे न जाता बाणाची शेपटी वर किंवा खाली ढकलत जाते. ही चूक कागदावर वर-खाली शेपूट म्हणून दिसते, पोरं बिचारी नॉकिंग पॉइंट, म्हणजे स्ट्रिंगवर बाण अडकतो ती जागा, खालीवर करत बसतात आणि दुखणं तिसरीकडेच असतं.

हे तपासायला मी घरी एक ड्रॉ बोर्ड केलाय. सागाची जाड फळी, एका टोकाला ग्रिप अडकवायला आधार, दुसऱ्या टोकाला हँड विंच. विंच हळूहळू फिरवायची आणि दोन्ही स्टॉपकडे बघत राहायचं. एक आधी टेकला की केबलला अर्धा पीळ द्यायचा. कुठल्या केबलला, हे कॅमच्या जातीवर ठरतं, तेव्हा आपल्या धनुष्याचं पुस्तक उघडायचं. अर्धाच पीळ. मग पुन्हा मोजायचं, पुन्हा ओढायचं. बायको म्हणते, हॉलमध्ये हे यंत्र आल्यापासून पाहुणे सोफ्यावर अवघडून बसतात. गणपतीत तर दर वर्षी कुणीतरी धनुष्य उचलून "जरा ओढून बघू का?" विचारतंच. आता आम्ही ते दीड दिवस बेडरूममध्ये कुलपात ठेवतो. बाण न लावता स्ट्रिंग ओढून सोडली तर बाणाकडे जायची सगळी ताकद लिंब आणि कॅमवर येते. लिंब तडकतो, स्ट्रिंग निघते, नशीब वाईट असेल तर डोळ्यापर्यंत प्रकरण जातं.

बोर्डवर टायमिंग जुळलं तरी काम झालं असं मी म्हणत नाही. बोर्डचा आधार ग्रिपच्या एका ठरावीक जागी दाब देतो, मनूचा तळवा दुसऱ्या जागी. तळहाताचा दाब थोडा खाली गेला की लिंबांवरचा भार बदलतो आणि कॅमही किंचित मागेपुढे होतात. म्हणून शेवटची तपासणी तिने स्वतः ओढलेली असतानाच. ती बाण लावून टार्गेटकडे तोंड करून ओढते, मी मागे बाजूला उभा राहून फोनवर दोन्ही स्टॉपचा व्हिडिओ घेतो. टूलरूममध्ये ऑपरेटर बदलला म्हणून मशीनचं सेटिंग बदलत नाही. इथे ऑपरेटर हाच मशीनचा एक सुटा भाग आहे, हे पटायला मला वेळ लागला.

बाणांवर मात्र माझंच राज्य. बाणाच्या नळीवर ५००, ४५०, ४०० असे आकडे असतात, तो स्पाइन. नळी २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवायची, मधोमध १.९४ पाउंड, म्हणजे ८८० ग्रॅम वजन टांगायचं आणि ती किती वाकते ते मोजायचं. अर्धा इंच वाकली तर ५००. म्हणजे आकडा मोठा तशी नळी लवचीक. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी त्याच संध्याकाळी दोन व्ही-ब्लॉक, एक डायल आणि वजनाचा तुकडा घेऊन बसलो. नळी न कापता मोजायची, कापल्यावर २८ इंचांचा टेकू कुठून आणणार! नळी टेकूंवर गोल फिरवली की कळतं, एकाच नळीची एक बाजू दुसरीपेक्षा किंचित ताठ असते. मी ती बाजू बारीक ठिपक्याने खूण करून ठेवतो आणि सगळ्या बाणांची नॉक, म्हणजे शेपटीची खाच, त्या ठिपक्याच्या हिशेबाने एकाच बाजूला लावतो. याचा उपयोग पुढे येईल.

स्पाइन निवडताना दुकानदार तक्ता दाखवतो, तो ठीक आहे, पण तक्त्याच्या पलीकडे तीन गोष्टी ध्यानात ठेवा. बाण कापून आखूड केला की तो ताठ वागतो. टोकाला जड पॉइंट लावला की लवचीक वागतो. धनुष्याचं पाउंडेज वाढवलं तरी तो लवचीक असल्यासारखाच वागतो. वयात येणाऱ्या पोरांचं पाउंडेज आणि ड्रॉ लेंथ वाढतच असतात, आणि गेल्या वर्षी गोळ्यासारखे जाणारे बाण यंदा शेपटी हलवत का जातात हे कुणाला कळत नाही. धनुष्याची चूक काढत बसतात. वजनासाठी मी सोनाराकडे असतो तसला छोटा काटा घेतला. मनूचा एक बाण ३०० ग्रेनच्या आसपास, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅम. डझनातले जवळच्या वजनाचे बाण स्पर्धेला, बाकीचे सरावाला.

रेस्ट बसवणं हे खरं तर सोपं काम आहे आणि त्यावर फार बोलायची गरज नाही. बाण रायझरमधल्या, म्हणजे धनुष्याच्या मधल्या भागातल्या, बर्गर होलच्या (रेस्ट पक्का करायच्या भोकाच्या) मध्यावरून जावा, स्ट्रिंगशी काटकोनात असावा आणि वरून बघितलं तर स्ट्रिंग ज्या रेषेत पुढे जाते त्याच रेषेत असावा. तिथून सुरुवात. मनू पातीचा रेस्ट वापरते. पाती स्प्रिंग स्टीलची असते, दहा थाऊ, म्हणजे इंचाच्या शंभराव्या भागाएवढ्या, जाडीची, आणि कालांतराने वाकून वाकून तिला तडा जातो. त्यामुळे एक जादा पाती पेटीत हवीच, आणि ती त्याच जाडीची हवी.

आता कागद. चौकट मी पीव्हीसी पाइपची केलीय. रद्दीचं वर्तमानपत्र लावू नका. त्या कागदाला एक नस असते, त्या दिशेने तो फर्रकन फाटतो आणि नसलेली शेपूट दिसायला लागते. खाकी कागद बरा. चौकटीमागे नीट बट, म्हणजे बाण अडवणारा जाड गठ्ठा, हवा, आणि हे फक्त मैदानावरच करायचं. दोन मीटरवरूनच तर मारायचंय, असं म्हणत सोसायटीच्या गच्चीत प्रयोग करायला निघालेल्या एका बापाला मी फोनवरच थांबवलंय. हा बाण सेकंदाला अडीच-पावणेतीनशे फूट वेगाने जातो, त्याला गच्चीचा कठडा कळत नाही.

दोन मीटरवरून मारलेला बाण कागदातून जाताना टोकाचं गोल भोक पाडतो आणि पिसांच्या चिरा पाडतो. चिरा भोकाभोवती सारख्या आल्या तर बाण सरळ गेला. चिरा भोकाच्या वर असतील तर शेपटी वर होती, म्हणजे नॉकिंग पॉइंट उंच आहे किंवा रेस्ट खाली आहे. उजव्या-डाव्याची सूत्रं पाठ करायच्या भानगडीत मी पडत नाही. त्यात डावखुरे वेगळे, रेस्टची जात वेगळी. रेस्ट केसभर हलवा, पुन्हा मारा. शेपूट वाढली तर दुसऱ्या बाजूला न्या. एका वेळी एकच गोष्ट हलवायची आणि हलवायच्या आधी ती कुठे होती ते वहीत लिहायचं.

आणखी एक. बाण सुटल्यावर उडता उडता शेपटी डोलवत जातो. दोन मीटरवर गोल भोक पडलं तर कदाचित तो डोलताना नेमका मध्यावरून जात असेल. म्हणून तेच तीन मीटरवरून, चार मीटरवरूनही मारून बघायचं. सगळीकडे भोक चांगलं तरच ते खरं. माझ्याकडे येणाऱ्या फोटोंपैकी निम्म्यांत "मस्त भोक" असतं, आणि कुठून मारलं ते कुणीच लिहीत नाही.

आणि हात. कागद धनुष्याबद्दल सांगतो असं सगळे समजतात. तो धनुष्य आणि हात दोघांबद्दल एकदमच सांगतो, कुणाचं काय ते आपण सोडवायचं. माझी पद्धत सोपी आहे. एकाच सेटिंगवर सहा बाण, सहा वेगळे कागद. सहाही कागदांवर शेपूट एकाच बाजूला, साधारण तेवढीच असेल तर धनुष्याला हात लावा. एक डावीकडे, एक उजवीकडे, एक गोल, एक पुन्हा डावीकडे असं असेल तर ॲलन की (बोल्ट फिरवायची षट्कोनी चावी) खिशात ठेवा आणि कोच सरांना बोलवा. तो हात आहे. ग्रिपमध्ये तळवा पिळला जातोय, बोटं आवळली जातायत, रिलीज, म्हणजे स्ट्रिंग सोडायचं हातातलं साधन, गालाशी वेगळ्या जागी लागतोय, किंवा ओढताना ड्रॉ लेंथ जास्त असल्यामुळे कोपर ताणलं जातंय. ड्रॉ लेंथ अर्धा इंच जास्त असलेली पोरं मी इतकी बघितलीत की आता धनुष्य बघायच्या आधी मी पोराची मान बघतो. मान मागे कललेली दिसली की पुढचं मोजायची गरज नसते.

मनूच्या बाबतीतही हे झालं. काही दिवस कागदावर डाव्या बाजूला शेपूट यायची, कधी लहान, कधी मोठी. मी म्हटलं, "अगं, रेस्ट हलवू?"

"थांब बाबा," ती म्हणाली. "सरांनी हात बदलायला सांगितलाय."

सरांनी तिला अंगठ्याच्या बुंध्याचा मांसल भाग ग्रिपवर टेकवायला आणि बाकीचा तळवा रिकामा सोडायला सांगितलं होतं, बोटं सैल. आयुष्यरेषेच्या पलीकडे ग्रिप जाता कामा नये, असं ते सांगतात. दोन आठवडे तिने रिकाम्या बटवर जवळून, डोळे मिटून, फक्त हात बसवण्यासाठी बाण मारले. मग पुन्हा कागद लावला तेव्हा शेपूट होती, पण दर वेळी एकाच मापाची. तेव्हा कुठे मी रेस्ट हलवला, आणि तोही केसभर. आधीच हलवला असता तर तिच्या जुन्या हातासाठी ट्यून केलेलं धनुष्य नव्या हाताने चालवावं लागलं असतं.

कागदानंतर बेअर शाफ्ट. पिसं असलेले तीन बाण आणि पिसं नसलेला एक, १८ मीटरवरून. पिसं चुका झाकतात, बिनपिसाचा बाण सगळं उघडं पाडतो. तो बाकीच्यांच्या खाली लागला तर नॉकिंग पॉइंट उंच आहे, वर लागला तर खाली आहे. आडवं अंतर असेल तर रेस्ट, आणि रेस्टने ऐकलं नाही तर कॅमचा कल बघायचा. ज्या धनुष्यांत केबलच्या टोकाला दोन फाटे असतात तिथे एका फाट्याला पीळ देऊन दुसऱ्याचा काढला की कॅम सरळ होतो. हे माझं सगळ्यात आवडतं काम, पण ते प्रेसवर, निवांत वेळी. स्पर्धेच्या आदल्या रात्री नाही.

कधी कधी सगळं बरोबर असून बाण वेडावाकडा जातो, तेव्हा पीस कुठेतरी घासतंय का बघायचं. रेस्टवर आणि केबलवर टाल्कम पावडर मारायची, बाण सोडायचा, रेघ उमटते का पाहायचं. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे पावडर हवेतच गोळा होते, म्हणून तेव्हा पातीला लिपस्टिकचा हलका हात लावतो आणि रंग पिसावर येतो का ते बघतो. रंग आला तर नॉक किंचित फिरवायची, पीस वाट सोडतं. लिपस्टिक विकत घेताना दुकानातल्या मुलीने "कुठली शेड, काका?" विचारलं. लालभडक, म्हटलं, लांबून दिसली पाहिजे.

इथवर आलं की खरं काम सुरू होतं, ५० मीटरवर. मनूच्या बाणांवर आकडे लिहिलेत. ती सहा-सहा बाणांच्या फेऱ्या मारते आणि मी दुर्बिणीतून कुठला बाण कुठे लागला ते वहीत टिपतो. एकच बाण पुन्हा पुन्हा बाहेर जात असेल तर दोष बाणाचा. त्याची नॉक पाव फेरा फिरवायची, नळीची ताठ बाजू दुसरीकडे येते, आणि बऱ्याचदा तोच बाण पुढच्या फेरीत ग्रुपमध्ये, म्हणजे बाकीच्या बाणांच्या झुबक्यात, येऊन बसतो. दर वेळी वेगळा बाण बाहेर जात असेल तर तो विषय सरांचा. ग्रुप उभा पसरत असेल तर मी तिला सांगतो, एक बाण भिंतीला, म्हणजे कॅम स्टॉपला टेकेपर्यंत, घट्ट ओढून मार आणि एक किंचित सैल सोडून. दोन्ही एकाच उंचीवर लागले तर टायमिंग ठीक. सैल ओढलेला वर किंवा खाली जात असेल तर केबलला अजून पाव पीळ. सामन्यात शेवटच्या बाणाला जीव वरखाली होतो, ओढ थोडी सैल पडतेच. तेव्हा हा पाव पीळ उपयोगाला येतो. या एका चाचणीसाठी मी कागदाची दहा सुंदर भोकं सोडायला तयार आहे.

हे सगळं सकाळी उरकायचं. दुपारी खाडीवरून वारा सुटला की ५० मीटरवरचे आकडे काही कामाचे नाहीत. उन्हाळ्यात धनुष्य बंद गाडीत ठेवायचं नाही, तापलेल्या गाडीत स्ट्रिंग ताणते आणि पीप फिरून बसतो. पावसाळ्यात स्ट्रिंगला मेण, बोल्टना तेलाचा हात, आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या. नवी स्ट्रिंग घातली की शंभर-दोनशे बाण मारून होईपर्यंत ट्यूनिंगला बसायचंच नाही. ती ताणून स्थिर झाली, कॅमजवळ पांढऱ्या मार्करने खुणा केल्या, की मग वही उघडायची.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच असणार, हे जाहीर झाल्यापासून मैदानावर नवे आईबाप वाढलेत. सगळ्यात महागडं धनुष्य कुठलं, हा त्यांचा पहिला प्रश्न. मी म्हणतो, मुलाच्या मापाचं घ्या, आणि उरलेल्या पैशांत एका स्पाइनचे डझनभर चांगले बाण आणि एक वही घ्या. वहीवर ते हसतात.

स्पर्धेआधीचा आठवडा मला धनुष्याला हात लावायला बंदी असते. ॲलन कीचा संच मनू स्वतःच्या बॅगेत ठेवते. मला फक्त मोजायची परवानगी आहे: ब्रेस हाइट, ॲक्सलमधलं अंतर, कॅमजवळच्या दोन खुणा. आकडे वहीशी जुळले की वही बंद. मागे एकदा नॉकिंग पॉइंटजवळची सर्व्हिंग, म्हणजे स्ट्रिंगवर गुंडाळलेला दोरा, उसवायला लागलेली दिसली. मी तिला दाखवली.

"बांध," ती म्हणाली. "पण तेवढीच. आणि मी इथेच बसते."